रोज सकाळी एफ 1 : सेटिंग विसरणाऱ्या असेम्बल्ड पीसीची तपासणी

सांगलीच्या गावभागातल्या एका घरात पहिल्या मजल्यावर असलेला असेम्बल्ड पीसी. रायझन 5 3600 प्रोसेसर, बी450 चिपसेटचा मदरबोर्ड, 8 जीबीच्या दोन डीडीआर4 रॅम, एसएसडी, साधं 2 जीबीचं ग्राफिक्स कार्ड आणि 450 वॅटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा). सकाळी चालू केला की काळ्या स्क्रीनवर ‘सीमॉस डेट/टाइम नॉट सेट’ आणि खाली ‘प्रेस एफ 1’. मग बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जायचं, तारीख-वेळ भरायची, बूटचा क्रम, फॅनचा वेग, रॅमचं एक्सएमपी (तिचा जाहीर केलेला जादा वेग), व्हर्च्युअल मशीनसाठी लागणारं एसव्हीएम असं सगळं पुन्हा लावायचं आणि एफ 10 दाबून सेव्ह करायचं. दिवसभर कितीही वेळा रीस्टार्ट करा, तारीख टिकते. रात्री भिंतीवरचं बटण बंद केलं की सकाळी पुन्हा पाढे पंचावन्न.

हे ऐकून कोणीही सांगेल की मदरबोर्डावरचं घड्याळ जागं ठेवणारा बटणासारखा सेल गेला. सेल बदललेलाही होता, एकदा नव्हे दोनदा. नवा टाकला की साधारण दोन महिने ठीक, नंतर पुन्हा एफ 1. त्यामुळे पुढचा सल्ला आला एसएमपीएस बदलण्याचा, त्याच्या पुढचा विंडोजला फॉरमॅट मारण्याचा. फॉरमॅटचा इथे काडीचाही संबंध नाही. बायोसची सेटिंग हार्ड डिस्कवर नसतेच. ती मदरबोर्डावरच्या चिपमध्ये असते आणि विंडोज सुरू व्हायच्या आधीच वाचली जाते.

आजच्या बोर्डांत बरीचशी सेटिंग फ्लॅश चिपमध्ये लिहिली जाते, म्हणजे वीज गेली तरी ती पुसायचं कारण नाही. तरीही सेल उतरल्यावर ती जाते, कारण बोर्ड चालू होताना घड्याळाच्या सर्किटला ‘मधे वीज तुटली होती का’ असं विचारतो. उत्तर ‘हो’ आलं की बरेचसे बोर्ड जपून वागतात आणि कारखान्यातली मूळ सेटिंग उचलतात. म्हणून घड्याळ हाच पहिला साक्षीदार. तारीख चुकलेली असेल तर दोष सेल, सेलचा होल्डर, क्लिअर सीमॉसचा जंपर (सेटिंग पुसण्यासाठीच्या पिना) आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या वाटेत आहे. तारीख अचूक असून सेटिंग गेली असेल तर सेलला हातही लावू नका. तिथे बहुतेक वेळा रॅम आडवी येते.

ही परीक्षा करताना एक चकवा आहे. विंडोजच्या कोपऱ्यातलं घड्याळ बघून ‘वेळ तर बरोबर आहे’ असं म्हणायचं नाही. इंटरनेट मिळालं की विंडोज वेळ दुरुस्त करतं आणि दुरुस्त वेळ बोर्डाच्या घड्याळातही लिहून टाकतं. म्हणजे पुरावाच पुसला जातो. मशीन चालू करताच डिलीट किंवा एफ 2 दाबत राहायचं, थेट बायोसमध्ये उतरायचं आणि तिथली वेळ मोबाईलशी ताडून बघायची. वर्ष मागे जाऊन 1 जानेवारीला अडकलं असेल तर घड्याळाची वीज पूर्ण तुटली होती. रात्रभर बंद राहिल्यावर घड्याळ तासभर मागे पडलं असेल तर सेल अखेरच्या घटका मोजतोय, अजून तुटलेला नाही.

आणि फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल तर बोर्ड निर्दोष आहे. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असले की हे होतं. लिनक्स बोर्डाच्या घड्याळात ग्रिनिचची वेळ ठेवतं, विंडोज भारतीय वेळ ठेवतं, आणि दोघं आळीपाळीने एकमेकांचं खोडत बसतात. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं की प्रश्न मिटला. साडेपाच तासांच्या फरकावर सेल बदलणारे लोक बघितलेत, म्हणून आवर्जून लिहितोय.

गावभागातल्या मशीनवर बायोसची तारीख दर सकाळी बोर्डाच्या जन्मवर्षात गेलेली असायची. म्हणजे पहिली वाट पक्की. पण कधीकधी तारीख बरोबर असूनही रॅम 3200 ऐवजी 2400 वर आलेली दिसायची. ते वेगळं दुखणं होतं आणि त्याकडे नंतर वळावं लागलं. दोन बिघाड एकत्र नांदत असले की माणूस गोंधळतो तो इथेच. एक मिटवला तरी लक्षण पूर्ण जात नाही, आणि मग केलेली दुरुस्तीच चुकीची होती असं वाटायला लागतं.

उघडण्याआधीची दोन कामं. बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. विशेषतः साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआय आहे की रेड, आणि सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) चालू आहे की बंद, हे दोन. मूळ सेटिंगवर गेल्यावर यांतलं काही उलटलं तर विंडोज निळ्या स्क्रीनवर अडकतं किंवा बूट डिस्कच सापडत नाही, आणि एसएसडी गेली असा समज होतो. दुसरं, विंडोज 11 असेल तर बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) 48 आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यावरून आधी लिहून घ्या. टीपीएमची (त्या कुलपाच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या चिपची) सेटिंग बदलली की ती की मागितली जाते. रायझनच्या बोर्डावर काही वेळा एफटीपीएम (प्रोसेसरमधलंच टीपीएम) बिघडल्याचा संदेश येऊन वाय की एन असं विचारलं जातं. की हाताशी नसेल तर वाय दाबू नका.

आता मीटर. बाजारात सगळीकडे मिळणारा पिवळा डिजिटल मीटर पुरतो. एसएमपीएसची केबल काढा, पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून उरलेला चार्ज संपवा. सेल ग्राफिक्स कार्डाखाली दडलेला असतो, म्हणून कार्ड काढावं लागतं. स्लॉटच्या शेवटची कडी दाबल्याशिवाय ओढू नका. मीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा, लाल टोक सेलच्या वरच्या चकचकीत बाजूवर, काळं टोक कॅबिनेटच्या उघड्या धातूवर किंवा बोर्डाच्या स्क्रूवर. सीआर2032 नवा असताना 3.2 च्या आसपास दाखवतो. 3.0 ला चालतो, 2.8 ला संशय घ्यावा, 2.6 च्या खाली टाकून द्यावा. इथे मीटरने 2.41 दाखवले, आणि हा सेल दोन-अडीच महिन्यांपूर्वीचाच.

सेल बाहेर काढून नुसता मोजला तर मीटर फसवू शकतो, कारण भार नसताना थकलेला सेलही 2.9 दाखवतो. दोन्ही बाजूंना 1 किलोओहमचा रेझिस्टर (प्रवाहाला अडथळा करणारा भाग) दोन-तीन सेकंद टेकवून मोजा. ताजा सेल तीनच्या जवळ राहतो, थकलेला झपाट्याने खाली येतो. रेझिस्टर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात रुपया-दोन रुपयांना मिळतो. दोन-चार घेऊन ठेवा, पुढेही लागणार आहे.

दुकानात सेल घेताना आकडा नीट वाचा. 2032 मधले 20 म्हणजे व्यास 20 मिमी आणि 32 म्हणजे जाडी 3.2 मिमी. 2025 दिसायला तोच, पण 0.7 मिमी पातळ, त्यामुळे होल्डरमध्ये ढिला बसतो आणि कॅबिनेटला धक्का लागला की संपर्क सुटतो. एलआयआर2032 हा चार्जिंगचा सेल, भरल्यावर 4.2 व्होल्टपर्यंत जातो, तो इथे टाकायचा नाही. पट्टीत पाच मिळणारे बिननावाचे सेल वर्षानुवर्षे दुकानाच्या काचेत ऊन खात असतात. मीटर खिशात असेल तर काउंटरवरच मोजून घ्यायला लाजू नका. बसवताना कडेने धरा. दोन्ही पृष्ठभागांवर एकदम बोटं लावली की घामाचा थर राहतो.

चांगला सेल बसवून मशीन परत देणं सोपं होतं. पण दोन महिन्यांत सेल संपणं हे गणितात बसत नाही. सीआर2032 ची क्षमता साधारण 220 मिलिअँपिअर-तास. घड्याळाचं सर्किट सेलमधून जेमतेम काही मायक्रोअँपिअर घेतं, दहाच्या आत. पाच धरले तर 220 ला भागून 44,000 तास, म्हणजे पाच वर्षं. शिवाय भिंतीवरचं बटण चालू असतं तेव्हा एसएमपीएसच्या 5 व्होल्ट स्टँडबायवरून (पीसी बंद असतानाही मिळणाऱ्या विजेवरून) घड्याळ चालतं आणि सेल खर्चच होत नाही. इथे रोज पंधरा-सोळा तास बटण बंद असतं. वळवाच्या दिवसांत वीज कडाडायला लागली की कोणीही प्लगच काढतं, त्यात चूक काही नाही. पण तसं धरलं तरी सेलने साडेसात-आठ वर्षं काढायला हवीत. दोन महिन्यांत रिकामा होतोय म्हणजे त्यातल्या बटण बंद असलेल्या नऊशे-साडेनऊशे तासांतच संपतोय. 220 ला 900 ने भागा : जवळपास 245 मायक्रोअँपिअर. कुठेतरी गळती आहे.

ती मोजायची पद्धत अशी. सेल बाहेर ठेवायचा. त्याची ऋण बाजू वायरने होल्डरच्या ऋण पत्तीला जोडायची. धन बाजूपासून होल्डरच्या धन पत्तीपर्यंत मात्र मधे 1 किलोओहमचा रेझिस्टर घालायचा. एसएमपीएसची केबल काढलेलीच हवी. आता रेझिस्टरच्या दोन टोकांवर मिलिव्होल्ट मोजायचे. 1 किलोओहमवर 1 मिलिव्होल्ट म्हणजे 1 मायक्रोअँपिअर, हिशेबच करावा लागत नाही. जोडल्या क्षणी आकडा मोठा येतो कारण बोर्डावरचे कपॅसिटर (थोडी वीज साठवणारे भाग) भरत असतात. मिनिटभर थांबलं की तो खाली बसतो. निरोगी बोर्डावर एक आकडी मिलिव्होल्ट. इथे 200 मिलिव्होल्टच्या रेंजवर मीटरने नुसता डावीकडे 1 दाखवला, म्हणजे रेंजबाहेर. 2000 च्या रेंजवर 231. गणिताने सांगितलेला आकडा आणि मीटरने दाखवलेला आकडा इतके जवळ आल्यावर शंका उरली नाही.

गळती शोधायला भिंग आणि मोबाईलचा टॉर्च लागतो, महागडं यंत्र नव्हे. आधी ठरावीक जागा बघून घेतल्या. क्लिअर सीमॉसचा जंपर : बोर्डानुसार त्याच्याशेजारी सीएलआरटीसी, जेबीएटी1, सीएलआर_सीमॉस असं काहीतरी छापलेलं असतं. तीन पिनांचा असेल तर टोपी 1-2 वर असायला हवी. 2-3 वर राहिली तर सेटिंग कधीच टिकणार नाही. दोन पिनांचा असेल तर त्या उघड्या हव्यात, आणि घरी असेम्बल करताना समोरच्या पॅनेलची रीसेटची वायर नेमकी त्याच दोन पिनांवर घातलेली सापडते, कारण जागा शेजारीच असते. मग रीसेट दाबलं की सेटिंग साफ. मागच्या जोडण्यांभोवतीच्या (आयओ) पट्टीची पत्र्याची जीभ आत वळून क्लिअर सीमॉसच्या बटणाला टेकते, तेही एक. बोर्डाखाली जादा लावलेला पितळी स्टँडऑफ (बोर्ड टेकवायचा खांब) मागच्या सोल्डरला टेकत नाही ना, हे बोर्ड उचलून बघावं लागतं. इथे या सगळ्या जागा चोख होत्या.

दोष होता होल्डरच्या बुडाशी. दोन सोल्डर बिंदूंच्या मधे आणि तिथून जंपरच्या पिनांपर्यंत तपकिरी, टोकाला काळपट असे बारीक ठिपके पसरलेले, कडांना किंचित चमक. झुरळांची घाण. ग्राफिक्स कार्डाच्या बाजूची पत्र्याची एक स्लॉट-पट्टी मागे काढलेली होती, तीच वाट. कार्डाची ऊब, खाली अंधार, त्यांना आणखी काय हवं. हा थर उन्हाळ्यात कोरडा असतो तेव्हा फारसा वाहत नाही. कृष्णाकाठच्या पावसाळी दमट हवेत तो पाणी ओढतो आणि रेझिस्टरसारखा वागतो. 3 व्होल्टला 231 मायक्रोअँपिअर म्हणजे साधारण 13 किलोओहमचा रेझिस्टर बटण बंद असताना सेलवर टांगलेला. तक्रार पावसाळ्यात वाढते आणि मार्चमध्ये ‘आपोआप बरी होते’ असं घरच्यांनी सांगितलं होतं, त्याचा अर्थ आत्ता लागला.

साफसफाईला आयसोप्रोपिल अल्कोहोल, मोबाईल दुरुस्तीवाल्यांकडे आयपीए म्हणून मिळतं ते, 99 टक्क्यांचं. सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढला, सेल काढला, मऊ जुन्या टूथब्रशने होल्डरभोवती आणि खालून सोल्डरच्या बाजूने घासलं, विरघळलेली घाण कागदी टिश्यूने टिपून घेतली. टिपायचं विसरलात तर तीच घाण पातळ होऊन शेजारी पसरते. एकदा घासून मिलिव्होल्ट 231 वरून 60 च्या आसपास आले, म्हणजे होल्डरच्या पोटाखाली अजून शिल्लक होतं. सिरिंजने आयपीए होल्डरखाली सोडून, बोर्ड तिरपा धरून, पुन्हा टिपलं. हेअर ड्रायर लांबून, कमी उष्णतेवर. नंतर रात्रभर पंख्याखाली. सकाळी 4 मिलिव्होल्ट. मागची स्लॉट-पट्टी बसवली, केबलच्या छिद्रांना बारीक जाळी चिकटवली. जाळी फॅनच्या तोंडावर लावू नका, हवा अडते.

एक खबरदारी सांगलीत सांगायलाच हवी. 2019 किंवा 2021 च्या महापुरात प्रत्यक्ष पाण्याखाली गेलेला बोर्ड असेल तर ही ब्रशची पद्धत पुरत नाही. पुराच्या पाण्यातला गाळ आणि क्षार चिपच्या पोटाखाली जातात. त्याला अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये धुणं लागतं आणि तरीही खात्री देता येत नाही.

आता उरलेलं दुसरं दुखणं. घड्याळ टिकायला लागलं, पण थंड सकाळी मशीन चालू करताना फॅन फिरायचे, थांबायचे, पुन्हा फिरायचे, असं दोन-तीनदा होऊन मग स्क्रीन यायची आणि रॅम 2400 वर. हे बोर्डाचं संरक्षण आहे. एक्सएमपीचा वेग लावून रॅमची जुळणी जमली नाही की बोर्ड ठरावीक प्रयत्न करतो, मग हार मानून सुरक्षित वेग पकडतो. काही बोर्ड फक्त रॅमची सेटिंग परत फिरवतात, काही सगळीच. तारीख मात्र शाबूत राहते, आणि इथेच पहिल्या प्रकाराशी फरक पडतो.

कारण रॅम बघताच कळलं. दोन्ही 8 जीबी, दोन्ही 3200, पण एक मूळची आणि दुसरी नंतर घेतलेली, वेगळ्या कंपनीची, वेगळ्या टायमिंगची. वर दोन्ही चुकीच्या स्लॉटमध्ये. चार स्लॉटच्या बोर्डावर दोन रॅम असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट, ए2 आणि बी2. जागा बदलल्यावर बरंच सुधारलं, पूर्ण नाही. मग एक्सएमपी बंद करून वेग हाताने 2933, व्होल्टेज 1.35 आणि टायमिंग दोन्हींपैकी संथ रॅमची. 3200 आणि 2933 मधला फरक हिशेबाच्या किंवा ऑफिसच्या कामात कोणाच्या लक्षातही येत नाही. रोज सकाळी तीनदा धडपडणारं 3200 कशासाठी हवंय? नंतर मेमरी टेस्ट रात्रभर, एकही चूक न येता, आणि मग दोन रात्री भिंतीवरचं बटण बंद ठेवून कसोटी. तारीख, एसव्हीएम, फॅन, 2933, सगळं जागेवर.

स्वच्छता करूनही गळती कमी झाली नाही तर पुढचा संशय डायोडवर (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागावर). स्टँडबायची वीज आणि सेल यांना वेगळं ठेवणारा चिमुकला डायोड असतो. तो गळका झाला की बंद मशीनमध्ये सेलचा प्रवाह उलटा बोर्डात झिरपतो. तपासणी सोपी : सेल काढा, एसएमपीएसची केबल लावून भिंतीवरचं बटण चालू करा, पीसी सुरू न करता रिकाम्या होल्डरच्या धन पत्तीवर मोजा. तिथे ठाम 3 व्होल्टच्या आसपास दिसत असेल तर डायोड उलटा वाहतोय. असा बोर्ड चालू ठेवणं बरं नाही, कारण सीआर2032 चार्ज करायचा सेल नाही, तो फुगतो किंवा गळतो. डायोड बदलायला हॉट एअर आणि स्थिर हात लागतो. लॅपटॉप-मोबाईलचं चिप लेव्हल काम करणाऱ्याकडे द्या, सॉफ्टवेअरवाल्याकडे नको. डायोड ठीक आणि गळती एखाद्या कपॅसिटरची असेल, पण बोर्ड जुना आणि खर्च करायचा नसेल, तर भिंतीवरचं बटण चालूच ठेवणं हा उपाय चालतो. स्टँडबायला 2 वॅट धरले तर महिन्याला दीड युनिटही लागत नाही. मात्र लाईट जाऊन-येऊन असलेल्या भागात मधे यूपीएस हवा, आणि वळवात प्लग काढायची सवय असेल तर हा मार्ग तुमच्यासाठी नाही.